वडाला दोरा आणि बुंध्याला करवत!

ज्येष्ठाची पौर्णिमा जवळ आली की सांगली, मिरज, कुपवाडच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे येऊन पडतात. ज्या झाडाला दीर्घायुष्याचे दैवत म्हणावयाचे, त्याचेच हातपाय तोडावयाचे, त्यांच्या जुड्या बांधून विकावयाच्या, त्या घरी नेऊन पाटावर ठेवावयाच्या, त्यांना दोरा गुंडाळावयाचा, हळदकुंकू वाहावयाचे आणि दुसरे दिवशी त्या उकिरड्यावर फेकून द्यावयाच्या. याला आम्ही पूजा म्हणतो! उद्या कोणी गाईची पूजा करावयाची म्हणून तिचा कान कापून घरी आणला, तर सारा गाव त्याला वेड्यात काढील. पण वडाचा कान कापणारास कोणी वेडा म्हणत नाही. उलट जिच्या घरी फांदी आली नाही, तिलाच शेजारीण विचारते, "काय गं, यंदा वड पुजला नाहीस?"

वाचकहो, आम्ही वडाच्या पूजेवर रागावलेलो नाही. आमचा राग आहे तो पूजेच्या नावाने चाललेल्या चोरीवर. वड ही साऱ्या गावाची मिळकत. ती तीन चोरांनी मिळून लुटली आहे. पहिली चोरी भिक्षुकीची: तिने बारा महिन्यांचा वड एका दिवसाचा केला आणि साऱ्या बायांचा वड फक्त सवाष्णींचा केला. दुसरी चोरी रस्त्याच्या नकाशाची: त्याला चारशे वर्षांचे झाड दिसत नाही, फक्त मध्ये आलेली अडचण दिसते. आणि तिसरी चोरी आमच्या स्वतःच्या आळसाची, ती या दोघांना वाट करून देते. तिन्हींचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रथम हे झाड मुळात कोणाचे ते पाहू. गावच्या पारावर कोण बसत आले? औत सोडून आलेला कुणबी दुपारची भाकर तेथे खातो. भटका घिसाडी तेथे भाता लावून विळे-खुरपी धारेला लावतो. न्हावी तेथे धोपटी उघडतो. धनगराची मेंढरे उन्हाचा एक प्रहर तेथे विसावतात. पंच तेथेच बसतात, तंटे तेथेच मिटतात, आणि ज्या गावी शाळेला इमारत नव्हती त्या गावची पहिली अक्षरे पोरांनी वडाखालच्या धुळीत गिरविली. वडाच्या पानांच्या पत्रावळी झाल्या, कोवळा पाला शेळ्यांच्या तोंडी गेला, चीक टाचेच्या भेगांत गेला, पारंब्यांच्या सालीचे दोर वळले गेले. चैत्र-वैशाखात सारे रान करपून जाते तेव्हा मैना, हरियाल, वटवाघळे, खारी यांना पिकलेल्या वडफळांवर पोट भरता येते. त्या पाखरांच्या विष्ठेतूनच बी दुसऱ्या गावी जाऊन रुजते. वडफळाच्या पोटात फुले दडलेली असतात. तेथवर पोहोचणारी चिलटाएवढी एक विशिष्ट माशीच आहे. तिच्यावाचून वडाला बी धरत नाही. म्हणजे मोठ्यात मोठे झाड लहानात लहान जिवावर उभे आहे. थोरपणा मिरविणाऱ्यांनी एवढे एक ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता पोथीवाल्यांना विचारू. वटसावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. ती उघडून वाचा, किंवा वाचता येणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. सावित्रीने सत्यवानाला कसे सोडविले? तिने तीन रात्रींचे व्रत केले हे खरे. परंतु यमाने दोरा गुंडाळलेला पाहून प्राण परत दिले असे तेथे नाही. ती यमाच्या मागून चालत गेली आणि त्याच्याशी बोलली. एकेका बोलण्यास भुलून यम वर देत गेला आणि ती मागत गेली: सासऱ्याचे डोळे मागितले, सासऱ्याचे राज्य मागितले, बापाला पुत्र मागितले, स्वतःला पुत्र मागितले. मग तिने त्यालाच पेचात धरले, की नवरा नसता मला पुत्र कोठून? यम निरुत्तर झाला. ही बाई बुद्धीने जिंकली, मायबहिणींनो! मृत्यूच्या देवाशी तोंड वर करून वाद घालणारी ती बाई. आणि तिच्या नावाने तुम्हाला काय शिकविले? तर तोंड खाली घालून फेरे मारावयाचे, दक्षिणा ठेवावयाची आणि सात जन्म हाच नवरा मागावयाचा, मग तो दारू पिऊन मारणारा का असेना!

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती कीर्तनात फारशी कोणी सांगत नाही. सत्यवान रानात कशाला गेला होता? फळे वेचावयाला आणि लाकडे फोडावयाला. लाकडे फोडता फोडताच त्याचे मस्तक दुखू लागले आणि तो आडवा झाला. त्याच्या हाती कुऱ्हाड होती, वाचकहो. त्याने तोडले ते पोटापुरते सरपण. आम्ही तोडतो ते पूजेपुरते. दोघांत अधिक अडाणी कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि या पूजेतून कोणाला वगळले? जिचा नवरा मेला तिला. म्हणजे जिला सावलीची गरज सर्वांत जास्त, तिलाच वडाच्या सावलीची बंदी! वड कधी विचारतो काय की बाई, तुझ्या कपाळी कुंकू आहे का? उन्हातून आलेल्या विधवेला तो सवाष्णीइतकीच सावली देतो. झाडाला जो भेद कळत नाही तो माणसाने घातला. आंध्रात अनंतपूरच्या बाजूला तिम्मम्मा मर्रिमानू नावाचा अफाट वड आहे. पावणेपाच एकरांवर पसरलेला म्हणून 1989 साली त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याची दंतकथा काय सांगते? तिम्मम्मा नावाची बाई नवऱ्याच्या चितेवर सती गेली आणि त्या चितेच्या जागी हा वड उगवला. एवढे थोर झाड, आणि त्याच्या मुळाशीही बाईच जाळलेली! मूल होत नाही म्हणून जोडपी तेथे नवस करावयास जातात. पण जिवंत जळालेल्या त्या बाईकरिता कोणी दोन अश्रू ढाळीत असेल काय?

हा भेद मोडता येत नाही असे ज्यांस वाटते त्यांनी कृष्णा ओलांडून शिरोळ तालुक्यातील हेरवाडला जावे. त्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ही चाल गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारला ते उदाहरण घेऊन साऱ्या महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढावे लागले. शहाणपण मुंबईहून खेड्यात आले नाही, खेड्यातून मुंबईला गेले! ज्या सातारा जिल्ह्याच्या नायगावी 1831 साली आपली सावित्री जन्मली, जिने 1848 पासून पुण्यात मुलींना अक्षरे शिकविली आणि अंगावर शेणाचे गोळे झेलले, तिच्या मुलखात दुसरे काय व्हावे? ज्या वडाखाली विधवेला जागा नाही, तो वड त्या सावित्रीचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल, "तुम्ही धर्मात ढवळाढवळ करता." ठीक आहे, धर्मच पाहू. आपल्या सांगली-मिरजेकडील जैन शेतकऱ्यांस ठाऊक आहे की पहिले तीर्थंकर आदिनाथ यांना केवलज्ञान झाले ते न्यग्रोधाखाली, म्हणजे वडाखाली. त्यांनी त्या झाडाची फांदी मोडून घरी नेली असे कोठे लिहिलेले नाही. बुद्धाला बोध झाला पिंपळाखाली, पण त्यानंतर तो जाऊन बसला तो वडाखाली. त्या वडाचे नाव अजपाल वड, म्हणजे शेळ्या राखणाऱ्याचा वड! राजाचा नव्हे, पुरोहिताचा नव्हे, शेळक्याचा. आणि त्याच वडाखाली एक ताठ्याचा ब्राह्मण आला व त्याने विचारले, ब्राह्मण कशाने होतो? बुद्धाने उत्तर दिले त्याचे तात्पर्य असे, की जो पाप टाकतो, ताठा टाकतो, मनाला आवरतो तो. जन्माचे नाव त्या उत्तरात नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी शेळक्याच्या वडाखाली हा प्रश्न सुटला होता. आम्ही मात्र अजून त्याच वडाखाली बसून एकमेकांच्या जाती विचारतो.

पुढे अशोक राजा झाला. त्याने आपल्या स्तंभावर लेख कोरून ठेवला, की माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेला वड लावविले. ध्यानात घ्या, माणसांना आणि जनावरांना. रस्ता करणे म्हणजे वड लावणे, असा त्या राजाचा हिशेब. आजचा हिशेब उलटा: रस्ता करणे म्हणजे वड पाडणे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यातही स्पष्ट आहे की आरमारासाठी लाकूड पाहिजे म्हणून रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये. रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविली आहेत, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. हे लिहिणारा जातीने ब्राह्मण होता. त्याने खरे लिहिले, म्हणून आम्ही ते डोक्यावर घेतो. आमचे भांडण जातीशी नाही, लबाडीशी आहे.

आता दुसऱ्या चोरीकडे वळू. मिरज तालुक्यात, पंढरपूरच्या वाटेवर भोसे गाव आहे. तेथे यल्लम्माच्या देवळाजवळ एक वड होता. लोक त्याचे वय चारशे वर्षे सांगत. पंढरीला जाणारे वारकरी त्याच्या सावलीला टेकत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचे काम निघाले तेव्हा तो तोडण्याचे ठरले. 2020 सालच्या जुलैत, साथीच्या टाळेबंदीच्या काळात, गावकरी आणि झाडांचे कैवारी त्या वडाभोवती उभे राहिले. बोभाटा मुंबईपर्यंत गेला. राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राचे रस्तेमंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. वड वाचला, रस्ताही झाला.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो. "रस्ता नको काय? प्रगती नको काय?" असा प्रश्न आमच्या तोंडावर फेकला जातो. रस्ता पाहिजे! आमची द्राक्षे, आमची हळद, आमचा गूळ त्याच रस्त्याने बाजाराला जातो. परंतु नकाशावरची रेघ देवाने ओढलेली नसते. ती माणूस ओढतो आणि माणूसच ती थोडी वाकवू शकतो, हे भोशाने सिद्ध केले. बड्या धन्याचा बंगला आडवा आला तर रेघ मुकाट्याने वाकते; गावचा वड आला तरच ती ताठ का राहते, याचे उत्तर नकाशावाल्यांनी द्यावे.

पुढे 2022 सालच्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडी, तो भोशाचा वड आपण होऊन कोसळला. लगेच हसणारे हसले: "वाचवून काय मिळविलेत?" आम्ही त्यांना विचारतो, म्हातारा बाप आज ना उद्या मरणारच म्हणून त्याचा गळा आजच दाबावा काय? त्या दोन वर्षांत त्या सावलीला किती वाटसरू बसले, किती पाखरांची पिले उडाली, याची मोजदाद कोणी केली? पण या पडण्यातून एक धडा मात्र घेण्याजोगा आहे आणि तो तिसऱ्या चोरीचा आहे.

वड बुंध्यावर जगत नाही, पारंब्यांवर जगतो. कलकत्त्याजवळ हावड्याच्या बागेत एक वड आहे, अडीचशे वर्षांहून जुना. 1864 आणि 1867 सालच्या वादळांनी तो झोडपला गेला, बुंध्याला बुरशी लागली आणि 1925 साली त्याचा मूळ बुंधाच काढून टाकावा लागला. बुंध्यावाचून ते झाड आजही उभे आहे, हजारो पारंब्यांच्या खांबांवर! आपल्या साताऱ्यातील एका वडाचे 1882 साली ली-वॉर्नर साहेबांनी मोजमाप घेतले होते, तेव्हा त्याचा घेर 1587 फूट भरला. वैराटगडाच्या पायथ्याचे म्हसवे गाव तर वडासाठीच नावाजलेले. असे विस्तार कशाने होतात? पारंबी जमिनीला टेकू दिल्याने. आणि आम्ही काय करतो? टेकू पाहणारी पारंबी कोणी तोडतो, तिला लोंबकळून पोरे ती मोडतात, खाली डांबर नाहीतर फरशी असते म्हणून तिला रुजावयास जागा मिळत नाही. त्यातून पुढारी येतो, निधी आणतो, बुंध्याला चिकटून सिमेंटचा पार बांधतो, त्यावर आपले नाव कोरतो आणि मुळांचे पाणी व वारा बंद करतो. वरून पूजा, खालून गुदमरणे! मग म्हातारा बुंधा वादळात एकटाच उभा राहतो आणि एकटाच पडतो. ज्या घराने लेकरांना पायावर उभे राहू दिले नाही, त्या घराची म्हातारपणी दुसरी काय गत होणार?

कुपवाडकरांनी याचा विशेष विचार करावा. कुपवाड एके काळी खेडे होते. मग औद्योगिक वसाहत आली, 1998 साली सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. शेताच्या बांधावरचा कुणबी कारखान्याच्या फाटकावर आला. त्याचा पार गेला, पण त्याचे ऊन गेले नाही. शहरात आल्याने कायद्याचे एक हत्यार मात्र त्याच्या हाती आले आहे. झाडांच्या जतनाचा 1975 चा कायदा शहरांसाठी आहे. त्यात 2021 साली दुरुस्ती झाली: पन्नास वर्षांहून जुने झाड वारसा-वृक्ष ठरते, आणि झाड तोडावयाचेच झाले तर त्याचे जितके वय तितकी झाडे लावावी लागतात. शंभर वर्षांच्या वडामागे शंभर रोपे! हत्यार चांगले आहे, पण खुंटीला टांगलेल्या विळ्याने गवत कापले जात नाही. आपल्या गल्लीतील जुन्या वडाची पालिकेच्या दप्तरी नोंद आहे काय, हे कुपवाडच्या किती लोकांनी जाऊन विचारले? आणि सरकारलाही आमचा प्रश्न आहे: शहराच्या वडाला वारसा म्हणता, मग भोशासारख्या खेड्यातील वडाने काय घोडे मारले? वड तर खेड्याचेच झाड. ज्याच्या घरचे लग्न त्यालाच पंगतीत पान नाही!

शेटजींचेही एक उदाहरण सांगतो, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. या झाडाचे इंग्रजी नावच वाण्यांवरून पडले. झाडाखाली दुकान मांडून बसलेले वाणी परदेशी लोकांनी पाहिले आणि झाडाला त्यांचे नाव दिले. मुंबईचे शेअर दलालही 1850 च्या सुमारास टाऊन हॉलसमोरच्या वडाखालीच जमत. त्यांनी 1875 साली आपली संस्था उभारली आणि त्यातून सगळ्या देशाचा पैसा हलविणारा बाजार झाला. त्याच वडाच्या सावलीत आमचे पंच काय करीत बसले होते? बैठका आम्हीही केल्या, परंतु त्या कोणाला वाळीत टाकावे यासाठी! एकाच झाडाखाली बसून एकाने संघ बांधला, दुसऱ्याने फूट पाडली. झाडाचा यात काय दोष?

तेव्हा शेतकरी आणि कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, आमचे सांगणे थोडक्यात असे आहे.

यंदाच्या ज्येष्ठात बाजारातील फांदी विकत घेऊ नका. गिऱ्हाईक नसले की तोडणारा तोडीत नाही. ज्यांना वड पुजावयाचा आहे त्यांनी उभ्या वडाकडे जावे, आणि जाताना दोऱ्याऐवजी एक घागर पाणी न्यावे. बरोबर शेजारची विधवा न्यावी. तिला कोणी अडविले तर सावित्रीप्रमाणे तोंड उघडावे. यमाला निरुत्तर करणाऱ्या बाईच्या लेकी गावच्या चार टवाळांना भितात काय?

दुसरे, ज्येष्ठ-आषाढ हाच वड लावण्याचा काळ. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची एकच फांदी झाडाला इजा न होईल अशी नीट घ्यावी, वरच्या टोकाला शेणाचा गोळा बसवावा आणि गायरानात, ओढ्याच्या काठी, शाळेच्या मागे पहिल्या पावसात रोवावी. शंभर घरांनी शंभर फांद्या उकिरड्यावर टाकण्यापेक्षा गावाने अशी एक जगविली तर शंभर सावित्र्यांचे पुण्य लागेल.

तिसरे, जुन्या वडाच्या बुंध्याजवळचे सिमेंट फोडा व माती मोकळी करा. पारंबी जमिनीकडे येत असेल तर उभा चिरलेला बांबू तिच्याभोवती बांधा, त्यात माती व शेणखत भरा आणि ती टेकेपर्यंत पाणी घाला. हे काम करण्यास भटजी लागत नाही, इंजिनिअरही लागत नाही.

चौथे, ग्रामसभेत उठून विचारा की 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावची नोंदवही झाली आहे काय, आणि तीत आमचे वड लिहिले आहेत काय. जे कागदावर नाही ते नकाशावाल्याला दिसत नाही. सात-बारा उताऱ्यावर नाव नसलेल्या कुळाचे काय होते, हे आम्हा शेतकऱ्यांना कोणी सांगावयास नको. वडाचेही तसेच आहे.

देव झाडात आहे की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. सावली झाडात आहे एवढे आम्ही उन्हात घाम गाळून शिकलो आहोत. ती सावली सवाष्ण-विधवा, कुणबी-महार, माणूस-जनावर असा भेद जाणत नाही. जो धर्म झाडाला कळला तो आम्हाला कळेल त्या दिवशी वडाला दोऱ्याची गरज उरणार नाही, आणि त्याच्या बुंध्याला करवत लावण्याची कोणाची छाती होणार नाही.